पाच वाटांचे साधक, एक हॉल : मिश्र साधना-गट चालवताना

टॅरोचे पत्ते, विक्का (निसर्गपूजेचा पाश्चात्त्य पंथ), केऑस मॅजिक (प्रयोगशील जादू), सेरिमोनियल मॅजिक (ठरलेल्या क्रमाचे जादूविधी), शिवाय आपल्याकडचा जप, स्तोत्रं, कुलाचार. यातलं काही ना काही मनापासून करणारी माणसं पुण्यात सापडतात, पण एकेका पद्धतीची इतकी नाहीत की प्रत्येकीचा स्वतंत्र गट उभा राहावा. म्हणून गट जमतो तो मिश्रच. आणि तो फुटतो तेव्हा तत्त्वज्ञानावरून क्वचितच फुटतो. मेणबत्ती कुठल्या कोपऱ्यात ठेवायची, पत्त्यांना न विचारता हात कोणी लावला, 'नोकरीसाठी विधी? ही काय साधना झाली?' असं कोण बोलून गेलं, एवढ्यावरून फुटतो.

खालची पद्धत ५ ते ८ जणांच्या गटासाठी आहे. जागा कोणाच्या तरी फ्लॅटचा हॉल, महिन्यातून एक बैठक, वेळ दोन तास. आठच्या वर गेलात की प्रत्येकाची पाळी यायला जवळपास वर्ष लागतं आणि माणसं गळतात. पाचच्या खाली आलात की दोघं एका पद्धतीचे आणि उरलेले पाहुणे अशी गत होते.

दुसऱ्याची पद्धत आपल्याला पटली पाहिजे, ही अट आधी सोडून द्या. तिला जागा, वेळ आणि तिचे नियम मिळाले की पुरे.

पहिली भेट : विधी करू नका, फक्त विचारा

पहिल्या भेटीत दिवासुद्धा लावू नये. प्रत्येकाला कोरा कागद द्यावा आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगावं. विधीतली कोणती गोष्ट बदलली तर तुमच्या लेखी तो मोडतो? कोणती बदलली तरी चालते? तुमच्या कोणत्या वस्तूला इतरांनी हात लावायचा नाही? यातून तुम्हाला काय हवंय? आणि शेवटी तब्येतीचं: दमा, धुराचा त्रास, फिट येणं, उपवास, मद्य वर्ज्य आहे का. अर्ध्या पानाच्या वर कोणी लिहू नये. लांबलं की प्रवचन होतं.

पहिला प्रश्न सर्वांत कामाचा आहे, कारण तिथेच पद्धतींमधला फरक उघडा पडतो.

सेरिमोनियल मॅजिकवाल्यांची परंपरा बहुतांशी १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या मंडळाकडे जाते. त्यांच्या पेंटाग्रामच्या (पाच टोकांच्या ताऱ्याच्या) लघुविधीत पूर्वेकडे तोंड करून सुरुवात होते, हिब्रू नामांचा उच्चार ठरलेला असतो, आणि देवदूतांच्या जागाही: पूर्वेला राफाएल, पश्चिमेला गाब्रिएल, दक्षिणेला मिखाएल, उत्तरेला उरिएल. क्रम चुकला तर ते परत पहिल्यापासून सुरू करतात. बाकीच्यांना ही कटकट वाटते. पण वेदपठणात स्वर चुकला की गुरुजी थांबवतात ते आपल्याला खटकत नाही, तसंच हे समजावं.

विक्का इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांच्यामुळे उघडपणे पुढे आली, तिथला जादूटोण्याविषयीचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यानंतर. त्यांच्यात वर्तुळ आखलं की ते मध्येच ओलांडायचं नसतं. बाहेर जायचं असेल तर वर्तुळात 'दार' उघडून द्यावं लागतं. त्यामुळे विक्काच्या दिवशी स्वच्छतागृहाची फेरी आधीच उरकून घ्यायची आणि कुरिअरवाल्याला वॉचमनकडे पार्सल ठेवायला सांगायचं.

केऑस मॅजिक १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आकाराला आली. श्रद्धा हे हत्यार आहे, कामापुरतं उचलावं आणि ठेवून द्यावं, असा तिचा रोख. इथे खरी ठिणगी पडते. आज एका देवतेचं आवाहन, पुढच्या महिन्यात दुसरीचं, मध्ये एखादं काल्पनिक पात्र, हे रोज अथर्वशीर्ष म्हणणाऱ्याला थट्टा वाटते. यावर चालणारा नियम एकच: समोर बसलेल्यांपैकी कोणाचं उपास्य असलेलं दैवत गटाच्या प्रयोगात वापरायचं नाही. घरी कोणी काय करतं हा गटाचा विषय नाही.

टॅरोवाल्यांची दोन घराणी आहेत. एक पत्त्यांचे ठरलेले अर्थ वाचतं, दुसरं चित्राकडे पाहून सुचेल ते. दोघांच्याही हातात बहुधा १९०९च्या संचाची कुठली तरी आवृत्ती असते. पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेली ती ७८ चित्रं, २२ मोठी आणि ५६ छोटी. पहिल्या घराण्यासाठी मोडणारी गोष्ट म्हणजे अर्थ सोडून भरकटणं, दुसऱ्यासाठी पुस्तक उघडून बसणं. त्यांना एकमेकांचं वाचन दुरुस्त करू देऊ नका.

आपल्याकडच्या उपासकाला एक प्रश्न कधीही विचारू नये: 'तुमचा मंत्र कोणता?' गुरूकडून मिळालेला मंत्र उघड सांगायचा नसतो, आणि नकार द्यायला लावणं हाच मुळी आगाऊपणा. किती वेळ लागतो, आसन लागतं का, कोणत्या दिशेला तोंड, एवढं विचारलं की व्यवस्था करता येते.

हेतूंबद्दल नाक मुरडू नका

चौथ्या प्रश्नाची उत्तरं मोठ्याने वाचायची नसतात. ती गट सांभाळणाऱ्याने एकट्याने वाचून परत द्यायची. ढोबळमानाने उत्तरं अशी येतात: देवतेची भक्ती, स्वतःचं मन समजून घेणं, ठरावीक काम होणं, अभ्यासाची हौस, विधीतलं सौंदर्य, आणि सोबत. शेवटचं कोणी सहसा लिहीत नाही, पण एकट्या राहणाऱ्या माणसांमध्ये ते असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

सर्वांत जास्त टोमणे 'काम व्हावं' म्हणणाऱ्यांना बसतात. सकाम म्हणजे हलकं, अशी एक समजूत आहे. ज्यांना ती फार आहे त्यांनी अथर्वशीर्षाची फलश्रुती सावकाश वाचावी. दूर्वांकुरांनी यजन करणारा कुबेरासारखा होतो, हजार मोदकांनी करणाऱ्याला इच्छित फळ मिळतं, हे तिथे स्वच्छ लिहिलंय. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो स्त्रिया ते एकसुरात म्हणतात, आणि त्यातल्या प्रत्येकीच्या मनात काय आहे याची चौकशी कोणी करत नाही. तोच न्याय प्रमोशनसाठी हिरवी मेणबत्ती लावणाऱ्या मुलाला का नाही?

उलट्या बाजूचा गैरसमज असा, की मनाच्या अभ्यासासाठी टॅरो वापरणारा 'खरा' साधक नाही, कारण त्याचा भविष्यावर विश्वास नाही. असा माणूस गटात असलेला बरा. पत्ता उलगडून 'हे पाहून तुला काय आठवलं?' असं तो विचारतो आणि उत्तर समोरच्याचंच राहतं.

हेतू बदलतातही. अभ्यास म्हणून आलेला माणूस घरात मृत्यू झाला की सांत्वन शोधू लागतो. म्हणून कागद दर सहा महिन्यांनी नव्याने भरून घ्यावा.

दिशा, अग्नी, धूर

हॉलची मांडणी हा अर्धा विषय आहे. गोल्डन डॉनच्या आणि विक्काच्या बऱ्याच मांडण्यांत अग्नी दक्षिणेला असतो. सूर्य उत्तर गोलार्धात दुपारी दक्षिणेला असतो, त्यावरून. आपल्याकडे अग्नीचा कोपरा आग्नेय, आणि दक्षिण यमाची. दक्षिणेला दिवा पाहून कोणाची तरी आई आतल्या खोलीतून येऊन तो उचलेल, हे गृहीत धरा. गंमत म्हणजे पाणी दोन्हीकडे पश्चिमेला आहे, आपल्याकडे वरुण आणि तिकडे गाब्रिएल. फिरण्याची दिशाही जुळते: वर्तुळ घड्याळाच्या काट्याप्रमाणे आखतात, आपली प्रदक्षिणाही तशीच.

तोडगा सोपा आहे. सामाईक वेदी करायचीच नाही. प्रत्येकाला एक ताट किंवा पाट, साधारण एक फूट बाय एक फूट, त्यावर त्याचं जग. मध्ये रिकामी जागा. ज्याची पाळी असेल त्याच्या पद्धतीने त्या महिन्यापुरत्या दिशा मांडायच्या. इतरांना आपला दिवा आपल्या ताटात कुठेही ठेवता येतो. मासिक पाळीचा प्रश्नही ताटामुळेच सुटतो. काही परंपरांत त्या दिवसांत पूजेला शिवायचं नसतं, काहींत तेच दिवस सामर्थ्याचे मानतात. आपल्या ताटाचं जिचं तिने ठरवावं, आणि कोणी विचारू नये.

रंगांवरून घोळ होतो. काळी मेणबत्ती पाश्चात्त्य पद्धतींत नकोसं घालवण्यासाठी लावतात. आपल्याकडे काळ्याला संक्रांतीपुरतीच सवलत. बैठकीच्या आदल्या दिवशी रंग सांगून ठेवावा म्हणजे कोणी दचकत नाही. दिवा मात्र फुंकर मारून विझवायचा नाही. आपल्याकडे ते वर्ज्य आहेच, आणि विक्कातही पुष्कळांना ते अग्नीचा अपमान वाटतं. छोटी वाटी उपडी घालावी. फुंकरीने गरम मेण चादरीवर उडतं, हे वेगळंच.

धुराचं माप पाळा. दहा बाय बाराच्या खोलीला एक कोळशाची वडी आणि पाव चमचा ऊद किंवा गुग्गुळ भरपूर होतो. धुपाटण्यात खाली दोन बोटं वाळू, नाहीतर तळ तापून फरशीला डाग पडतो. खिडकी एक तरी उघडी हवीच, एसीसाठी सगळं बंद करून कोळसा पेटवला तर खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि डोकं जड होतं. मग 'ऊर्जा फार होती' अशी चर्चा सुरू होते. ऑनलाइन मिळणाऱ्या पांढऱ्या सेजच्या जुड्या टाळाव्यात. ती अमेरिकेतल्या मूलनिवासींची पद्धत आहे, रानातली ती झुडपं बेसुमार तोडली जातात, आणि तुळशीबाग-मंडईच्या पूजासाहित्याच्या दुकानांत ऊद, लोबान, धूप सगळं मिळतं. दम्याचा एक जरी सदस्य असेल तर धूर पूर्ण बंद. घंटा किंवा टाळी चालते.

सेरिमोनियल किंवा विक्कावाल्यांची विधीतली सुरी घरातून घरात न्यायची असेल तर लाकडी करून घ्यावी. मेट्रोच्या तपासणीत 'ही विधीची आहे' हे समजावत बसण्यात शहाणपणा नाही. वाइनच्या जागी कोकम सरबत चालतं का, हे विक्कावाल्यालाच विचारावं. एका पेल्यातून वाटून घेणं महत्त्वाचं असतं, पेल्यात काय हे बहुतेक जण सोडून देतात. एकच पेला तोंडाला लावायचा नसेल तर वरून प्यावं.

तारीख ठरवताना

विक्काचे आठ सण इंग्लंडच्या ऋतूंवर बेतलेले आहेत. १ मेच्या सुमाराला तिथे वसंत फुललेला असतो. पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. २१ जूनला तिथे उन्हाळ्याचा कळस, इथे पावसाळ्याची सुरुवात. काहींना मूळ तारखा पाळायच्या असतात, काहींना इथल्या ऋतूंप्रमाणे सरकवायच्या असतात. दोन्हींना सयुक्तिक कारणं आहेत, आणि पुणेकरांनी यावर भांडू नये. इथे दाते पंचांग पाहणारी घरं आहेत तशी टिळक पंचांग पाळणारीही आहेत, काही वर्षी त्यांचा अधिक महिनाच वेगळा पडतो, तरी दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या घरी जेवायला जातात.

राशींचा गोंधळ मात्र समजून घ्यायलाच हवा. टॅरोवाली मुलगी 'मी मेष' म्हणते ती सायन (ऋतूंवरून मोजलेली) सूर्यरास. ज्योतिषी काका 'तू मेष नाहीस' म्हणतात ते निरयन (ताऱ्यांवरून मोजलेली) चंद्ररास पाहून. दोन पद्धतींत सुमारे २४ अंशांचं अंतर आहे, म्हणून ५ एप्रिलला जन्मलेल्याचा सूर्य एकीकडे मेषेत आणि दुसरीकडे मीनेत. कोणीच चुकत नसतं. 'सायन सूर्य' किंवा 'निरयन चंद्र' असं पूर्ण बोलायची सवय लावली की निम्मे वाद संपतात. खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला आणि मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला, तेही याच अंतरामुळे.

पौर्णिमेला एकत्र यायचं तर तिथी सूर्योदयाला कोणती यावर अडू नका. पूर्ण चंद्राची वेळ ज्या संध्याकाळच्या जवळ आहे ती धरा. आणि ती मंगळवारी आली तर सरळ जवळचा शनिवार घ्या. हिंजवडीहून मंगळवारी सातला कोणी पोहोचत नाही.

दोन तासांची बैठक

पहिली १० मिनिटं फोन बंद करून बसण्याची. १५ मिनिटं प्रत्येकाने आज कसं वाटतंय ते दोन वाक्यांत. मग २५ मिनिटं त्या महिन्याच्या यजमानाचा विधी, २० मिनिटं प्रश्न, ३० मिनिटं जोडीचा सराव, २० मिनिटं चहा आणि आवराआवर.

यजमानाच्या विधीत इतरांनी तीनपैकी एक जागा आधीच सांगून ठेवायची: सहभागी, साक्षी, किंवा बाहेर. सहभागी म्हणजे म्हणायचं-करायचं सगळं. साक्षी म्हणजे आत बसायचं, गप्प. बाहेर म्हणजे गॅलरीत किंवा स्वयंपाकघरात, पंचवीस मिनिटं. कारण द्यायचं नाही, मागायचं नाही. हा नियम काटेकोर ठेवला तर माणूस मनाविरुद्ध हात जोडत नाही, आणि मनाविरुद्ध जोडलेल्या हातांचा राग पुढच्या महिन्यात बाहेर पडायचाही टळतो.

प्रश्न 'काय' आणि 'कसं' यांचेच. 'हे खरंच होतं का?' हा प्रश्न वाईट नाही, पण त्याची जागा बैठकीत नाही, वहीत आहे. प्रत्येकाने स्वतःच्या विधीची तारीख, हेतू आणि अपेक्षित परिणाम लिहून ठेवावा आणि तीन महिन्यांनी स्वतःच तपासावा. परिणाम आधी लिहिला नसेल तर नंतर काहीही 'झालं' म्हणता येतं. या वहीवर केऑसवाले आणि गटातला एखादा विवेकवादी यांची अनपेक्षित गट्टी जमते.

पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे प्रत्येकाची एकदा पाळी येईपर्यंत, दोन पद्धती एकत्र करून विधी रचू नका. उत्साही गट दुसऱ्याच महिन्यात ही खिचडी शिजवतात. प्रत्येक पद्धतीला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा समारोप असतो. दोन सुरुवाती झाल्या आणि समारोप एकच झाला तर एका बाजूची माणसं अर्धवट सोडल्यासारखी घरी जातात. एकत्र काही करायचंच असेल तर देवतेचं नाव नसलेलं एक साधं मराठी वाक्य ठरवा, ते सगळ्यांनी तीनदा म्हणा, मग सात मिनिटं ज्याने त्याने आपल्या पद्धतीने. जप, ध्यान, पत्ता पाहणं, चित्र काढणं, काहीही; आवाज मात्र नको.

जोडीच्या सरावासाठी : देवनागरी सिजिल

पद्धती कशा जुळतात आणि कुठे अडतात हे समजायला सिजिलसारखा सराव नाही. कल्पना चित्रकार ऑस्टिन ऑस्मान स्पेअर यांच्याकडून आलेली: इच्छा वाक्यात लिहायची, अक्षरं गाळायची, उरलेल्यांची एक आकृती करायची. रोमन लिपीतल्या सूचना देवनागरीला जशाच्या तशा लावल्या की काना-मात्रांचं जंगल होतं. असं करा.

वाक्य वर्तमानकाळात आणि छोटं घ्या: 'माझं काम वेळेत पूर्ण होतं'. 'नको', 'नाही' टाळा. आता सगळे स्वर, काने, मात्रा, अनुस्वार काढा आणि जोडाक्षरं फोडा. राहतं म झ क म व ळ त प र ण ह त. पुन्हा आलेलं अक्षर गाळा: म झ क व ळ त प र ण ह. दहा अक्षरं जास्त होतात. वाक्य आखूड करून सहा-सातवर आणलेलं बरं. मग शिरोरेषा काढून टाका. म, झ, व, त, प, ण यांना उभा दंड आहे, तो सगळ्यांत मिळून एकच ठेवा आणि बाकीचे भाग त्याच्या दोन्ही अंगांना लावा. क चा दंड मधोमध असतो, तो आपोआप बसतो. र, ळ, ह बिनदंडाचे, ते वर किंवा पायाशी. शेवटी आकृती वाक्य म्हणून वाचता येता कामा नये. आठ सेंटिमीटरचा चौकोनी कागद पुरतो.

अडचण पुढे येते. केऑसवाला कागद जाळायला काढतो आणि उपासक म्हणतो, अक्षर जाळायचं नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक वर्ण मातृका आहे, शक्तीचं रूप. दोघांनाही चालेल असं: जाळायच्या कागदावर ॐ, श्री किंवा देवाचं नाव येईल अशी रचना करायची नाही, आणि ज्याला जाळणं नको त्याने कागद वहीत बंद करून ठेवायचा किंवा कुंडीत पुरायचा. जाळणाऱ्याने स्टीलच्या वाडग्यात, खाली वाळू, बाजूला तांब्याभर पाणी. पडद्यापासून दूर. हे शेवटचे दोन शब्द हसण्यावारी नेऊ नका.

टॅरोचा सराव असेल तर तीन पत्ते, जोडीला पंधरा मिनिटं. पत्ते ज्याचे त्याने पिसावेत. दुसऱ्याने कापलेले चालतात का, हे पहिल्या भेटीच्या कागदावर आहेच. प्रश्न स्वतःबद्दल हवा. 'तो माझ्याबद्दल काय विचार करतो' हा हजर नसलेल्या माणसाच्या खिशात न विचारता हात घालण्याचा प्रकार आहे. आजार, गर्भ आणि कोर्टाची केस यांवर पत्ता काढायचाच नाही.

कशाला जागा नाही

पद्धत आणि हेतू यांना जागा दिली म्हणून वागणं सगळंच चालतं असं नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाली. त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. अनुसूचीत नेमकी कृत्यं दिली आहेत, आणि शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गटातल्या प्रत्येकाने ती अनुसूची वाचलेली असावी. श्रद्धेवर त्यात गदा नाही. घरातली पूजा, भजन, प्रदक्षिणा यांना ती लागू नाही. गदा आहे ती फसवणूक, भीती आणि इजेवर.

गटात याचा व्यवहारातला अर्थ असा. अमक्याने करणी केली असं कोणाचंही नाव घ्यायचं नाही, पत्त्यांवरून नाही, पेंडुलमवरून नाही, स्वप्नावरून तर नाहीच. साप, विंचू, कुत्रा चावला तर दवाखाना. मंत्र-गंडादोरा सांगून उपचार लांबवणं हा कायद्याने गुन्हा आहे. चालू गोळ्या थांबवण्याचा सल्ला द्यायचा नाही. वशीकरण नको, कारण ज्याच्यावर करायचं त्याची संमती नसते. 'तुझ्यावर सावट आहे, इतक्या पैशांत काढतो' म्हणणाऱ्याला त्याच बैठकीत बाहेर. हीलिंग करणाऱ्यांनी जाहिरातीत मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो असं लिहिलं तर १९५४चा आक्षेपार्ह जाहिरातींचा केंद्रीय कायदा लागतो, हेही त्यांना माहीत असावं.

व्यवसाय म्हणून रीडिंग करणारे गटात असतील तर त्यांनी बैठकीत गिऱ्हाईक शोधायचं नाही, आणि इतरांनी त्यांच्याकडून फुकट रीडिंग काढायचं नाही. दुसरा अर्धा नियम जास्त मोडला जातो.

बिघडतं तेव्हा

'हेकाटी (ग्रीक देवता) म्हणजे आपली कालीच की!' असं म्हणणारा प्रत्येक गटात एक असतो. हेतू जवळीक साधण्याचा असतो, पण ऐकणाऱ्याला आपली देवता कोणाच्या तरी खात्यात जमा झाल्यासारखी वाटते. सारखेपणा दिसलाच तर प्रश्न करावा: 'तुमच्याकडेही ती स्मशानाशी जोडतात का?' उत्तरात बहुधा फरकच जास्त निघतात, आणि ते ऐकण्यासारखे असतात.

'हे चुकीचं आहे'ऐवजी 'आमच्याकडे असं करत नाहीत' म्हणायला शिकवा. वयाने मोठे काका-काकू असले की धाकटे गप्प बसतात आणि नंतर व्हॉट्सॲपवर बोलतात. म्हणून प्रश्नांच्या वेळी सुरुवात सर्वांत धाकट्यापासून करावी. कोणी एक जण सगळ्यांचा गुरू होऊ लागला तर त्याला सलग दोन महिने फक्त चहा-व्यवस्थेचं काम द्यावं. टिकला तर चांगला माणूस आहे.

बैठकीनंतर कोणी घाबरलं, 'माझ्यात काहीतरी शिरलंय' म्हणालं, तर त्यावर दुसरा विधी करू नका. दिवे लावा, जेवायला घाला, एकटं घरी पाठवू नका. झोप दोन-तीन रात्री उडाली, आवाज ऐकू येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञ, आणि ते सांगतील तोवर सर्व साधना बंद. याला कोणत्याच पद्धतीचा अपवाद नाही.

टेकडीवर बैठक नेण्याचा मोह पावसाळ्यानंतर होतोच. वेताळ टेकडीवर न्या, पण ज्योत नको, काडीही नको. उन्हाळ्यात तिथलं वाळलेलं गवत भडकायला वेळ लागत नाही. वेताळाच्या देवळात ज्यांची नित्य उपासना आहे त्यांच्या जागेत आपली मांडणी करू नये.

आवराआवर

वीस मिनिटांतली दहा यासाठी राखा. मेण मोरीत ओतू नका, थंड झाल्यावर खरवडून कोरड्या कचऱ्यात. राख कुंडीत चालते. विधीचं खारं पाणी चालत नाही, रोप मरतं, ते बेसिनमध्ये. नदीत काहीही नाही. लिंबू, मिरच्या, तांदूळ ओल्या कचऱ्यात, पण लिंबाला टोचलेल्या सुया-टाचण्या आधी काढा. सकाळी हा कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेची कामगार हाताने वेगळा करते. कुंकू लावलेलं, टाचण्या टोचलेलं लिंबू तिच्या हाताला लागलं तर जखम होते ती होतेच, शिवाय आपल्याला कोणी काही केलं की काय ही धास्ती फुकटची. सुया झाकणाच्या डबीत घालून वर चिकटपट्टी लावा, 'धारदार' असं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि डबी तिच्या हातात वेगळी द्या.